कार्ब्युरेटर की इंजेक्शन? जंगलवाटेवरच्या जिप्सीचा हिशोब

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर पहाटे रांगेत लागलेल्या उघड्या गाड्यांना पर्यटक सरसकट ‘जिप्सी’ म्हणतात. मिस्त्री तसे म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी जिप्सीच्या दोन जाती आहेत, एक कार्ब्युरेटरची आणि दुसरी एमपीएफआयची, म्हणजे मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शनची. मुंबई-पुण्याकडे परफॉर्मन्स गाडी म्हटले की महामार्गावरचा वेग डोळ्यांसमोर येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत दमदार गाडी म्हणजे एटापल्ली-भामरागडच्या बाजूला नाला ओलांडून चढ चढणारी, आणि भर दुपारी बंद करून पुन्हा एका चावीत सुरू होणारी. इथे निवड करायची ती या मापाने.

मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर १९८५ मध्ये. तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले, पण पेट्रोल पाजण्याचे काम कार्ब्युरेटरकडेच राहिले. ताकद साधारण ६० अश्वशक्ती. २००० मध्ये त्याच घराण्यातले एमपीएफआय इंजिन बसले आणि आकडा ८० वर गेला. २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी विक्री थांबली. आता ज्याला जिप्सी हवी तो जुनी घेतो, आणि कार्ब्युरेटरवाली मिळाली की प्रश्न उभा राहतो : आहे तेच नीट करायचे की इंजेक्शनवर जायचे?

ताकद कुठून येते

साठाचे ऐंशी झाले ते इंजेक्शनमुळे, असे गॅरेजात हमखास ऐकू येते. त्यात अर्धेच सत्य आहे. त्याच वेळी इंजिनाचे हेडही बदलले होते. आठ व्हॉल्व्हच्या जागी सोळा आले, इंजिन जास्त हवा ओढू लागले. ताकद ठरते ती आत गेलेल्या हवेवर. कार्ब्युरेटर असो वा इंजेक्टर, त्या हवेला योग्य तेवढे पेट्रोल पुरवणे एवढेच दोघांचे काम.

याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींचा. तिथल्या मुख्य मालिकेतल्या गाड्या २०११ पर्यंत एकाच चार-बॅरल कार्ब्युरेटरवर आठशेच्या वर अश्वशक्ती काढत होत्या. इंजेक्शन आले २०१२ मध्ये. इंजेक्शन नवे होते म्हणून नव्हे; मर्सिडीजने १९५४ मध्येच ३०० एसएलमध्ये पेट्रोलचे थेट इंजेक्शन दिले होते. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर, एकाच हवामानात, कसबी हाताने जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) निवडले तर कार्ब्युरेटर मागे पडत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांतून त्याला हाकलले ते धुराच्या नियमांनी. धूर शुद्ध करणाऱ्या त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचे प्रमाण सतत १४.७ ला १ च्या अगदी जवळ लागते, आणि एवढे काटेकोर माप साध्या जेटला राखता येत नाही.

फरक पडतो तो परिस्थिती बदलली की. आणि चंद्रपुरात ती फार बदलते.

मे आणि डिसेंबर

चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४७-४८ अंशांपर्यंत जातो. डिसेंबरच्या पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. दहा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा साधारण ११ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, व्हेंच्युरीतून, जाणारी हवा विरळ झाली तरी जेटमधून येणारे पेट्रोल तेवढ्या प्रमाणात घटत नाही. गणित केले तर मिश्रण सहाएक टक्के रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. हिवाळ्यात नीट बसवलेला कार्ब्युरेटर उन्हाळ्यात पेट्रोल जास्त पितो आणि प्लग काळे करतो, त्याचे कारण हे. इंजेक्शनमध्ये हवेचे तापमान आणि मॅनिफोल्डमधला दाब सेन्सर मोजतात. त्यानुसार इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे इसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

सफारीत याहून मोठी अडचण गाडी थांबवल्यावर येते. पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून वाघाची वाट पाहायची म्हणजे पंखा थांबला, पाण्याचे अभिसरण थांबले आणि तापलेल्या ब्लॉकची आच वर कार्ब्युरेटरला लागली. कार्ब्युरेटरच्या पोटातल्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते, किंवा पंपाच्या नळीत वाफ धरते. मग स्टार्टर नुसता फिरत राहतो. पंपावर ओला फडका टाकायचा उपाय जुन्या चालकांना पाठ आहे. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप इंजिनालाच चिकटलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब घटतो, म्हणून वाफ लवकर होते. इंजेक्शनचा विजेवरचा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि अडीच-तीन बारच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. त्या दाबाखाली वाफ सहजी धरत नाही. वीस किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या, दर वळणावर बंद होणाऱ्या गाडीसाठी हा मुद्दा अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे.

बदललेले पेट्रोल

जिप्सी किंग बाजारात आली तेव्हा पंपावर मिळणारे पेट्रोल आज मिळत नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे ई-२० येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे झाले. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने ई-२० ला आदर्श प्रमाण साडेतेराला एकच्या आसपास लागते. जुने जेट तसेच ठेवले तर मिश्रण सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, पडते. मेमध्ये उष्णतेचे रिच होणे आणि इथेनॉलचे लीन होणे एकमेकांना बरेचसे खोडतात, त्यामुळे दोष झाकला जातो. डिसेंबरच्या पहाटे तो उघडा पडतो. चोक ओढूनही गाडी घरघरते, पिकअप देताना अडखळते. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून हे सुधारता येते, पण तो जेट मेमध्ये पुन्हा जास्त होतो. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजेक्शन ही फेररचना स्वतःच करते.

रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि सील मात्र दोन्ही जातींत बदलावे लागतात. इथेनॉल पाणीही ओढते. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी फ्लोट चेंबर रिकामा न करता ठेवली, तर जेटमध्ये हिरवट थर बसलेला सापडतो.

नाला आणि चढ

फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलची पातळी गुरुत्वाकर्षणावर ठरते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांनी एकाएकी नाक खाली केले की कार्ब्युरेटरवर चालणारे मर्लिन इंजिन क्षणभर गुदमरत असे. जर्मन विमानांत इंजेक्शन असल्याने ती अडचण नव्हती. १९४१ मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंतेने इंधनाच्या वाटेत छिद्र असलेली छोटी चकती बसवून तात्पुरता इलाज केला. नाल्यातून बाहेर पडताना, उभ्या चढावर किंवा गाडी एका अंगाला कलली की जिप्सीचेही तेच होते, फक्त सावकाश. पेट्रोल एकतर सांडते, नाहीतर जेटपर्यंत पोचत नाही. इंजेक्टरला तिरकेपणाचे सोयरसुतक नसते. टाकीत पुरेसे पेट्रोल असले म्हणजे झाले.

बिघडली तर?

कार्ब्युरेटरच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा इथे येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडाने मारलेली फुंकर यांवर सुरू होणारी गाडी मोलाची असते. बाटलीतून घेतलेल्या पेट्रोलमधला गाळ फ्लोट चेंबर खोलून काढता येतो. तोच गाळ इंजेक्शनचा पंप आणि फिल्टर खातो. टाकीतला पंप गेला तर गाडी ओढूनच न्यावी लागते.

पण हा मुद्दा दरवर्षी थोडा झिजतो आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. अहेरी-आलापल्लीचा पोरगेला मेकॅनिक आज स्कॅनर जोडून चेक लाइटचा कोड वाचायला शिकतो. दोन बॅरलचा कार्ब्युरेटर खोलून बसवणारा हात मात्र म्हातारा होतो आहे. जंगलात कार्ब्युरेटर दुरुस्त होतो, पण दुरुस्त करणारा माणूस सोबत हवा.

निवड

रोज पर्यटक नेणाऱ्याने, किंवा गडचिरोलीत सहाही ऋतू गाडी वापरणाऱ्याने इंजेक्शनच घ्यावे. त्यासाठी कारखान्यातून एमपीएफआय निघालेली जिप्सी शोधणे सर्वांत सोपे. जुन्या गाडीत मारुती एस्टीमचे इंजिन बसवायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणि मग आरसीवर नोंद, हे चुकवू नये. वायरिंग आणि अर्थिंग नव्याने करावे, पेट्रोल फिल्टर लवकर बदलावा आणि टाकी पाव भरलेली असताना लांबच्या वाटेला लागू नये.

ज्याची जिप्सी हौसेची आहे, ज्याला ऋतू बदलला की जेट बदलायला आवडते, त्याने कार्ब्युरेटर खुशाल ठेवावा. फक्त पंपाला लागणारी आच अडवणारा पत्रा, ई-२० ला टिकणाऱ्या नळ्या आणि जेटचे दोन संच ठेवावेत, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. दोघांनीही ताकद वाढवायची असेल तर पैसे आधी एअर फिल्टर, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशनवर घालावेत. चंद्रपूरच्या खाणींच्या धुळीत फिल्टर तुंबलेला असेल, तर इंजेक्शन लावूनही साठाचे ऐंशी होत नाहीत.