ट्रॅक्टरचे ऑइल घरच्या घरी
सभासद बंधूंनो, ऐन हंगामात इंजिन धरले तर ट्रॉलीतला ऊस वाटेतच वाळतो, वजन घटते. म्हणून मुखेड भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांना आमचे सांगणे : काळे दिसले की ऑइल खराब, असे धरू नका. डिझेल इंजिनात ते लवकरच काळे पडते. तास बघा, बऱ्याच ट्रॅक्टरांना २५० तास, तरी आपले पुस्तक पाहा.

इंजिन थोडे चालवून बंद करा. कोमट ऑइल गाळासकट उतरते. खालचा नट खोलून पुरते निथळू द्या, फिल्टरही बदला. नवे ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंतच. जास्त भरले तर फेसाळते. जुने डब्यात साठवा, विहिरीकाठी मुळीच ओतू नका.