देवकातलं मोरपीस
लेखमाला : कुळाचाराच्या वाटा – लेखांक ६

कुलदैवतांवरचे लेखांक सुरू झाल्यापासून तरुण वाचक एक प्रश्न फिरून फिरून विचारतात : 'माझा प्राणी कोणता, आणि तो शोधायचा कसा?' पुण्यात आता त्याच्या कार्यशाळा भरतात, चित्रांचे पत्ते विकत मिळतात. मोबाइलवर काही प्रश्नांची उत्तरं दिली की 'तुम्ही लांडगा', 'तुम्ही गरुड' असा निकाल येतो. या शोधामागची ओढ मला खरी वाटते. आपण एकटे नाही, रानातल्या एखाद्या जिवाशी आपलं नातं आहे, असं वाटणं फार जुनं आहे. भोर-वेल्ह्याकडच्या घरांत तर त्या नात्याची व्यवस्थाच होती, आणि तिचा माग आजही लग्नाच्या बायोडेटात सापडतो. कुळी, गोत्र, रास यांच्या शेजारी एक रकाना असतो : देवक.

बहुतेक मुलं तिथे वडिलांना विचारून 'पंचपल्लव' किंवा 'कळंब' असं लिहितात आणि पुढे जातात. पण जुन्या माणसांच्या लेखी सोयरीक जमण्याआधीचा पहिला प्रश्न हाच. दोन्हीकडचं देवक एक निघालं तर बोलणी तिथेच थांबत, कारण एक देवक म्हणजे एक रक्त, आणि मग ती मुलगी नात्याने बहीण. आडनाव वेगळं असलं तरी फरक पडत नसे. उलट आडनाव एकच असूनही देवक वेगळं असेल, तर काही ठिकाणी लग्न होत असे. म्हणजे माणूस कुणाचा, हे ठरवण्यात देवकाचा शब्द आडनावाच्या वरचा होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा हळदीच्या दिवशी देवक आणायला जातात. घरातलं एक जोडपं उपरण्याची आणि पदराची गाठ मारून निघतं. डोक्यावर चौघांनी ताणून धरलेलं वस्त्र, पुढे वाजंत्री, पुरुषाच्या खांद्यावर कुऱ्हाड, बाईच्या हातात सूप किंवा ताट. मारुतीच्या देवळात पूजा होते आणि मग देवक मांडवात येतं. ते एकदा बसलं की कार्य पार पडून ते उठवेपर्यंत घराला सोयर-सुतक लागत नाही, इतका त्याचा अधिकार. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम लग्नाच्या दिवसापुरता नाही, तो बारा महिन्यांचा आहे : आपल्या देवकाचं झाड एरवी तोडायचं नाही, त्याचं लाकूड जाळायचं नाही, देवक पक्ष्याचं असेल तर त्याला मारायचं नाही, खायचं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडची बहुसंख्य देवकं झाडांची आहेत. आंबा, उंबर, जांभूळ, शमी, रुई यांची पानं मिळून पंचपल्लव होतं. शिवाय कळंब आहे, वेली आहेत, पवारांकडे तलवारीची धार आहे. आर. ई. एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे जे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात छापले, त्यांत देवकांची लांबलचक नोंद आहे, आणि तीत प्राणी-पक्षी थोडेच दिसतात. पण जे आहेत ते ठळक आहेत. मोऱ्यांकडे मोराचं पीस. साळुंख्यांकडे साळुंकीचं पीस. भोरच्या दक्षिणेला महाबळेश्वराचे डोंगर ओलांडले की जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख लागतो, आणि त्या नात्यातली मंडळी आजही मोरपिसाला नमस्कार करून मांडवात पाऊल ठेवतात. घोरपडे घराण्याची कथा वेगळ्या जातीची आहे. त्यांचा पूर्वज बहमनी काळात घोरपडीला दोर बांधून अवघड गड चढला आणि त्यावरून नाव पडलं, असं परंपरा सांगते. ती कथा पराक्रमाच्या खुणेची आहे, देवकाची नव्हे. दोन्ही गोष्टी एका पिशवीत भरू नयेत.

ही व्यवस्था आपल्यापुरतीच नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी राहणाऱ्या ओजिब्वे लोकांत तर तिची हुबेहूब जोड सापडते. तिथे क्रौंच, अस्वल, मार्टेन, मार्जारमासा अशी कुळं आहेत. मूल वडिलांच्या कुळाचं होतं आणि एकाच कुळात लग्न होत नाही. १८४९ साली जमिनी हातच्या जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांनी वॉशिंग्टनला एक चित्ररूप अर्ज नेला. त्यात माणसं नव्हती, कुळांचे प्राणी होते. सर्वांत पुढे क्रौंच. मागच्या प्रत्येकाच्या डोळ्यापासून आणि काळजापासून निघालेली रेघ त्या क्रौंचाच्या डोळ्याला आणि काळजाला जोडलेली. आम्ही सगळे एका नजरेने पाहतो आणि एका मनाने मागतो, एवढंच त्या अर्जाचं म्हणणं. ते चित्र पाहिलं की मला आपल्या मांडवातली भावकी आठवते.

मग 'माझा वैयक्तिक टोटेम' ही कल्पना आली कुठून? जॉन लाँग नावाच्या व्यापारी दुभाष्याने १७९१ साली लंडनमध्ये आपलं प्रवासवर्णन छापलं. 'टोटेम' हा कुळाच्या प्राण्यासाठीचा ओजिब्वे शब्द इंग्रजीत त्याने आणला, पण आणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. कुळाचा प्राणी जन्माने मिळतो, तो निवडायचा नसतो. एखाद्याचा स्वतःचा राखणदार आत्मा ही निराळी बाब. त्यासाठी ओजिब्वे मुलं वयात येताना रानात एकटी राहून उपवास करत, स्वप्नाची वाट पाहत. लाँगने राखणदाराचं वर्णन केलं आणि त्याला नाव कुळाच्या प्राण्याचं दिलं. क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात हा घोटाळा उलगडून दाखवला आहे. आजच्या प्रश्नावल्या त्याच घोटाळ्याच्या वारस आहेत : त्यांत कुळ नाही, उपवासही नाही. काही सोडावं लागत नाही, म्हणून काही मिळतही नाही, असं माझं मत आहे.

कुळाचा प्राणी असतो तसा जागेचाही असतो, आणि भोरकडे तो वाघ आहे. भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाटात वाघजाईचं देऊळ लागतं. पावसाळ्यात भज्यांच्या टपऱ्यांपाशी थांबणारे प्रवासी पुष्कळ, पण घाट उतरण्याआधी गाडीतूनच हात जोडणारे चालक तिला जास्त ओळखतात. वाघजाई नावाची ठाणी मावळात गावोगाव आहेत आणि ती बहुधा रानाच्या तोंडाशी किंवा खिंडीत असतात, म्हणजे जिथून पुढे माणसाचा हक्क संपतो तिथे. उत्तरेकडे, जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर वसुबारसेच्याच दिवशी, आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस करतात. गुरं राखणारी पोरं रानातल्या वाघोबाच्या शिळेपुढे नैवेद्य ठेवतात. त्या शिळेवर वाघ आणि कधी चंद्र-सूर्य कोरलेले असतात. मागणं साधं असतं : आमची गुरं सांभाळ, तुझा मान तुला देतो. ज्याच्यापासून भीती आहे त्यालाच राखणीला बसवायचं, ही या पूजेची रीत. आता इथे वाघ उरला नाही, बिबट्या आहे, आणि घाटमाथ्यावर म्हशी राखणाऱ्या गवळी धनगरांचं त्याच्याशी रोजचं नातं आहे. वासरू गेलं तर दुःख होतं, पण 'त्याचा वाटा होता' असं म्हणणारी म्हातारी माणसं या डोंगरात अजून भेटतात. वनखात्याच्या भरपाईच्या अर्जात हे वाक्य बसत नाही. सहजीवनाचा पाया मात्र तेच आहे.

राजसत्तेचे प्राणी वेगळे होते. भोरजवळच्या रोहिड्यावर चढताना दुसऱ्या दरवाजावर सिंह आणि शरभ दिसतात, तिसऱ्यावर हत्तीची डोकी, आणि शेजारी मराठी व फारसी शिलालेख. शरभ हा रानात नसलेला, कल्पनेतला पशू. ही चिन्हं गडात शिरणाऱ्याला धाक घालण्यासाठी होती, त्यांच्याशी कुणाचं नातं जुळायचं नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे. कुळाचं देवक मिळालं, जागेची वाघजाई मिळाली, तरी एखाद्याला वाटतंच की मला स्वतःला काही हवं. त्यासाठी आपल्याकडे एक भक्कम वाट आहे, आणि भोरची कितीतरी माणसं गुरुवारी कापूरहोळवरून नारायणपूरच्या दत्ताला जाताना नकळत तिच्याच दिशेने जात असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. इतका आनंदी कसा, असं राजा विचारतो, तेव्हा तो आपले चोवीस गुरू सांगतो. मराठी परंपरेने या अवधूताला दत्त मानलं, आणि एकनाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेत ही कथा मराठी घरांपर्यंत पोहोचवली. चोवीसांपैकी अकरा प्राणी आहेत : कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी.

ही यादी नीट पाहा. यात एकही 'तुमची शक्ती' सांगणारा प्राणी नाही. पिलांच्या मायेने कबुतर स्वतःहून जाळ्यात उतरतं. हत्ती स्पर्शाला भुलून खड्ड्यात पडतो, हरिण गाण्याला भुलतं, पतंग ज्योतीच्या रूपाला, मासा गळावरच्या चवीला. एकेका इंद्रियाने एकेकाचा घात केला. माणसाला तर ती पाचही आहेत. मधमाशी दोन धडे देते : थोडं थोडं सगळीकडून घ्यावं हा एक, आणि साठवलं की लुटलं जातं हा दुसरा. कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचतात. तुकडा टाकला की तो मोकळा होतो. या कथेत आपल्यासारखा प्राणी शोधायला कुणी सांगत नाही. एका जिवाकडे इतकं निरखून पाहायचं, की त्याचं चुकणं आणि त्याचं साधणं दोन्ही आपल्याला लागू पडावं. आणि गुरू निवडायचा अधिकार अवधूताने स्वतःच्या बुद्धीकडे ठेवला आहे. वैयक्तिक प्राणी शोधणाऱ्याला यापेक्षा मोठी मोकळीक कुठे मिळेल?

असं पाहण्याची सवय देवळातही लावलेली असते. नसरापूरचं बनेश्वर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. अशा कुठल्याही शिवमंदिरात गाभाऱ्याकडे जाताना पायाखालच्या फरशीवर कासव असतं का, हे पाहावं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ कासवासारखा इंद्रियं आत ओढून घेतो. ते कासव ओलांडून पुढे जाताना मन बाहेरच्या धावपळीतून किती आत आलं, हे ज्याचं त्याने तपासायचं.

या विषयाची एक काळी बाजू आहे आणि ती न लिहिणं मला जमणार नाही. प्राण्यातली शक्ती आपल्याकडे यावी, म्हणून प्राणीच मारण्याचा धंदा चालतो. 'हत्थाजोडी' नावाची दुर्मीळ मुळी म्हणून पूजेसाठी जे विकलं जातं, ते वाळवलेलं घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय असतं. २०१७ साली हा प्रकार उघड झाला. मांडुळाला दोन तोंडं असतात आणि ते गुप्तधन दाखवतं या समजुतीने ते पकडलं जातं. दिवाळीच्या सुमारास घुबडांवर संकट येतं. घोरपड आणि मोर या दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पण मी इथे कायद्याआधी देवकाचा दाखला देईन. मोरपीस पुजणाऱ्या घराला मोर मारता येत नाही, आणि ते घर गळून पडलेलं पीसच वापरतं. वाघोबापुढे नैवेद्य ठेवणारा वाघनखाच्या मागे लागत नाही. पूजा आणि मनाई जिथे एकत्र येतात तिथेच नातं आहे. मनाई गाळून उरलेली पूजा म्हणजे बाजार, मग तो गंड्या-ताईतांचा असो की चित्रांच्या पत्त्यांचा.

तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावं. आपलं देवक काय, ते आणायला कोण जात असे, कुठल्या झाडाखालून किंवा कुठल्या शिवारातून. घरात कुठलं मांस शिजत नसे आणि का. साप निघाला तर आजोबा काय करत. शेताच्या बांधावर किंवा खिंडीत कुणाच्या नावाचा दगड आहे, त्याला काय चढतं, कुठल्या दिवशी. आत्याला आवर्जून विचारा. देवकाच्या वेळी ती सुपाजवळ असते, तिला पुरुषांपेक्षा जास्त आठवतं. गावच्या गुरवालाही विचारा. उत्तरं भावकीप्रमाणे वेगळी येतील, ती दुरुस्त करत बसू नका. जशी येतील तशी, सांगणाऱ्याच्या नात्यासह, लग्नाच्या याद्यांच्या वहीत उतरवून घ्या. त्यानंतर ज्याला अवधूताच्या वाटेने जायचं आहे त्याने घराच्या आसपास रोज दिसणारा एक जीव निवडावा आणि चातुर्मासभर त्याच्याकडे पाहावं. कोळी चालेल. कुंभारमाशीही चालेल, पावसाळ्यात ती भिंतीला मातीचं घर लावतेच.

पुढच्या लेखांकात म्हसोबा. देवीने मारलेला महिषासुर आणि शेताच्या कडेला शेंदूर लावून पुजलेला म्हसोबा यांचा संबंध दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या परिसरात हिंडून शोधला होता. नीरेकाठच्या वीरचा म्हस्कोबा आणि घाटमाथ्यावरची गवळ्यांची म्हैस यांच्यासोबत तो धागा पुढे नेऊ.