धूसर छायाचित्र आणि त्यामागील गणित

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमवीत असताना आमच्या हाती शाळेच्या आरंभीच्या एका तुकडीचे सामूहिक छायाचित्र आले. वसतिगृहाच्या ओसरीवर विद्यार्थी तीन रांगांत उभे आहेत. पण छायाचित्रकाराचा हात हलल्याने सारेच चेहरे आडवे ओढल्यासारखे दिसतात. एका माजी विद्यार्थ्याने आपुलकीने ते मोबाईलवरील ॲपमधून ‘स्वच्छ’ करून पाठविले. चेहरे लख्ख झाले. त्यांतील एका दिवंगत विद्यार्थ्याच्या पत्नीस आम्ही ते दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे आमच्या थोरल्याचे वडील नव्हेत.”

मग तो लख्ख चेहरा कोणाचा? गणित शिकविणाऱ्या सहकाऱ्यांशी यावर झालेल्या चर्चेतून इतिहासाच्या शिक्षकाला जेवढे उमजले, तेवढे येथे मांडीत आहोत.

कोणताही कॅमेरा बिंदूला बिंदू म्हणून टिपत नाही. भिंगाचे दोष, हाताचा कंप यांमुळे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू थोडा पसरतो व त्याचा डाग होतो. दोन दिव्यांची एकत्र प्रतिमा ही एकेका दिव्याच्या प्रतिमांची बेरीज असेल, आणि दिवा दुप्पट प्रखर केल्यास डागही तेवढाच प्रखर होत असेल, तर त्या व्यवस्थेस गणितात रेषीय म्हणतात. शिवाय डागाचा आकार चित्रभर सारखा असेल, तर एका बिंदूचे काय होते एवढे कळले की संपूर्ण चित्राचे काय होईल ते सांगता येते. प्रत्येक बिंदूच्या जागी त्याचा डाग ठेवावा आणि सर्व डागांची बेरीज करावी.

समजा, प्रत्येक बिंदूचा प्रकाश तो स्वतः आणि त्याचे दोन शेजारी यांत समान वाटला जातो. मग ०, ०, ९०, ०, ० या ओळीची प्रतिमा ०, ३०, ३०, ३०, ० अशी होईल. डाग ठाऊक असेल तर समीकरणे मांडून उलट दिशेनेही जाता येते.

हे गणित एकदा मोठ्या संकटात उपयोगी पडले. एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने हबल दुर्बीण अवकाशात सोडली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. तो घासताना मोजमापाच्या उपकरणातील एक भिंग सुमारे १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसले होते. त्यामुळे आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी, अधिक सपाट झाली. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ज्या इवल्याशा वर्तुळात यावयाचा, तेथे जेमतेम १५ टक्के येऊ लागला. उरलेला भोवती धुक्यासारखा पसरला. दुरुस्ती होऊ शकली ती डिसेंबर १९९३ मध्ये, अंतराळवीरांनी वर जाऊन केल्यावर. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी डागाचा आकार अभ्यासून गणितानेच प्रतिमा सुधारल्या. तेजस्वी वस्तूंच्या बाबतीत ते बरेच साधले. अंधूक वस्तूंचा प्रकाश मात्र धुक्यात असा मिसळला होता की तो वेगळा काढता येईना.

तो का येईना? वरच्याच नियमाने ९०, ०, ०, ९०, ०, ० अशी लांबच लांब ओळ घ्यावी. प्रत्येक तिघांची सरासरी ३० येते, म्हणून प्रतिमेत सर्वत्र ३०. आता ६०, ३०, ०, ६०, ३०, ० अशी ओळ घ्यावी. पुन्हा सर्वत्र ३०. मुळातच सगळीकडे ३० असले तरी ३०. तीन निरनिराळी वास्तवे, प्रतिमा एकच! तिच्याकडे पाहून मूळ कोणते होते हे जगातील कोणतेही गणित सांगू शकत नाही.

याची सर्वसाधारण मांडणी ज्या गणितावर उभी आहे, ते फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांचे. शिंप्याचा हा मुलगा लहानपणीच पोरका झाला, ख्रिस्ती मठवासीयांनी चालविलेल्या शाळेत शिकला, आणि कुलीन घरात जन्म नसल्याने त्याला तोफखान्यात प्रवेश नाकारला गेला. (हा तपशील आमच्या वाचकांस वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.) कोणतेही चित्र कमीअधिक रुंदीच्या उजळ-काळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणून मांडता येते. धूसरपणा प्रत्येक पट्ट्याचा उठाव ठराविक पटीने घटवितो. तो शंभरावा भाग उरला असेल तर शंभराने गुणून परत मिळतो. पण त्याबरोबर कागदावरचे कण आणि डागही शंभर पटींनी वाढतात. आणि जेथे पट शून्य, तेथे गुणण्यास काही उरतच नाही.

मोबाईलवरील ॲप असल्या ठिकाणी थांबत नाही. इतर असंख्य चेहरे पाहून त्याने जे शिकून घेतले, त्यातून ते संभाव्य नाक, संभाव्य डोळे भरते. त्या माउलींनी नाकारला तो चेहरा असा तयार झाला होता. आपल्या मागच्या पिढ्यांची छायाचित्रे मुळात थोडी. कॅमेरा घरात यायला आपल्याकडे फार काळ जावा लागला. त्या थोड्या पुराव्यात परक्यांचे डोळे मिसळले गेले, तर पुढच्या अभ्यासकाला ते वेगळे करता येणार नाहीत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस हे मान्य नाही.

आमच्या सहकाऱ्यांनी मग वेगळी वाट धरली. ओसरीवर टांगलेल्या पितळी घंटेवर उन्हाची चमक पडली आहे. मुळात तो एक ठिपका. छायाचित्रात ती आडवी रेघ झाली आहे. हाताच्या कंपाचा डाग तो हाच! त्यावरून संगणकावर उलट हिशेब केला. फलकावरील अक्षरे वाचता आली, सदऱ्यांच्या कॉलरी वेगळ्या दिसू लागल्या. चेहरे थोडे सावरले, पण सर्वत्र कणकण उठले. हे चित्र घेऊन आम्ही पुन्हा त्या माउलींकडे गेलो. त्यांनी ते बाजूला ठेवले, मूळ धूसर छायाचित्र मागून घेतले आणि मागच्या रांगेतील एका उंच मुलावर क्षणात बोट ठेवले. “मान अशीच वाकडी धरायचे.”

स्मरणिकेत आम्ही मूळ छायाचित्र आहे तसेच छापीत आहोत आणि हिशेबाने सुधारलेले त्याखाली, तशी नोंद करून. मधल्या रांगेतील उजवीकडून चौथ्या विद्यार्थ्याचे नाव अद्याप मिळालेले नाही. कोणास ओळख पटल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे.