मगर, पाणघोरपड की वरल?

वादीच्या काठाला लांब शेपटीचं काही सरपटलं, की आपल्यापैकी कुणीतरी हमखास ओरडतं, "अरे, मगरीचं पिल्लू!" दुसरं म्हणतं, "छे, पाणघोरपड!" आणि तोवर तिसऱ्याच्या हातात दगड आलेला असतो. म्हणून आम्हाला वाटतं, इथे राहणाऱ्यांनी हा प्राणी नीट ओळखायला हवा.

ओमानात मगर नाही आणि पाणघोरपडही नाही. खरी पाणघोरपड भेटते ती ओडिशाच्या भितरकणिकेत, सुंदरबनात, अंदमानात आणि पुढे थेट इंडोनेशियापर्यंत. इथला प्राणी म्हणजे वाळवंटी घोरपड. अरबी मंडळी तिला 'वरल' म्हणतात. तानाजीच्या दंतकथेतल्या घोरपडीची ही चुलत बहीणच म्हणा ना!

ओळखायचं कसं? आधी शेपटी बघा. पाणघोरपडीची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी, वल्ह्यासारखी. तीच हलवून ती पोहते. वरलची शेपटी गोल, दोरखंडासारखी. मग नाकपुडी. पाणघोरपडीची गोलसर, अगदी तोंडाच्या टोकाजवळ. आपल्या गावाकडच्या घोरपडीची फटीसारखी, टोक आणि डोळा यांच्या साधारण मधे. वरलची तिरपी फट, डोळ्याच्या जवळ. दुभंगलेली लांब जीभ मात्र तिघींनाही असते. ती विष टाकायला नव्हे, वास घ्यायला. आणि शेपटीवर काटेच काटे दिसले, तर तो 'धब', बहुतेक पाल्यावर जगणारा. त्याची एक जात, आखूड गोल शेपटीची, ओमानखेरीज कुठेच सापडत नाही.

हे सगळं लांबूनच बघायचं, दुर्बीण असली तर उत्तम. कोंडीत सापडलेली वरल फूत्कारते, शेपटीचा फटका मारते आणि चावतेही. वाट मोकळी ठेवली तर बिचारी आपणहून निघून जाते. उंदीर, साप, किडे खाऊन ती आपलं कामच करत असते.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आपली घोरपड आणि ही वरल, दोघीही आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या यादीत आहेत. भारतात 1972 च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर तिच्या कातड्याची वस्तू किंवा सांधेदुखीवरचं तेल कुणी पुढे केलं, तर सरळ नाही म्हणा. 'हत्थाजोडी' म्हणून जी मुळी विकतात, ती पुष्कळदा मुळी नसतेच; घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. ती घरात ठेवून लक्ष्मी येत नाही, वनखात्याची माणसं मात्र येऊ शकतात!