नाटकानंतरचें पद्य



संस्कृत नाटकाच्या अखेरीस भरतवाक्य येतें, हें आपणांस ठाऊक आहेच. राजाचें व प्रजेचें कल्याण व्हावें, अशी इच्छा त्यांत व्यक्त होते. इंग्रजी रंगभूमीवरहि नाटक संपल्यावर एखादें पात्र पुढें येऊन प्रेक्षकांशीं पद्यांत बोलत असे. त्यास 'एपिलॉग' म्हणतात. शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट' नाटकाच्या शेवटीं प्रॉस्परो प्रेक्षकांजवळ टाळ्यांची याचना करतो, ती याच प्रकारची. मात्र दोहोंत एक भेद आहे. भरतवाक्य हा नाटकाचाच भाग असल्यामुळें तें प्रत्येक प्रयोगीं तेंच राहतें. एपिलॉग पुष्कळदां एका प्रयोगापुरताच रचला जाई.

शाळेच्या रंगभूमीवर हा प्रकार विशेष बहरला तो लंडन येथील वेस्टमिन्स्टर शाळेंत. एलिझाबेथ राणीनें इ. स. १५६० मध्यें या शाळेची पुनर्घटना केली. विद्यार्थ्यांनीं दरसाल लॅटिन नाटक करावें, असें तिच्या काळच्या नियमांतच होतें. पुढें टेरेन्स व प्लॉटस या रोमन कवींचीं नाटकें तेथें आळीपाळीनें होऊं लागलीं. नाटक दोन हजार वर्षांपूर्वींचें, पण एपिलॉग त्या वर्षाचा! एकोणिसाव्या शतकांत तर नाटकांतीलच पात्रें आधुनिक पोषाखांत परत येत व चालू घडामोडींची लॅटिन पद्यांत थट्टा करीत. जिला लोक मृत म्हणत, ती भाषा मुलांच्या मुखीं अशी हंसूं लागे.

परंतु अशा पद्याचें आयुष्य थोडें. ज्या बातमीवर विनोद केला ती विस्मरणांत गेली कीं विनोदहि विझतो. आणि हस्तलिखित कागद हरवला कीं कांहींच उरत नाहीं. वेस्टमिन्स्टरच्या पद्यांचा संग्रह इ. स. १८६३ पासून छापला गेला, म्हणूनच तेथील प्रेक्षक कशास हंसत, हें आजहि कळतें.

आपल्या संमेलनाच्या नाटकासाठीं कोणी असें पद्य रचील, तर त्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, ज्याची थट्टा करावयाची तो पहिल्या रांगेंत बसून स्वतःहि मनमोकळेपणें हंसला पाहिजे. दुसरी, त्या कागदावर नाटकाचें नांव व तारीख घालून प्रत्येक विनोदाचा संदर्भ समासांत लिहून ठेवावा. पालकांसहि विनंति, कीं मुलांच्या जुन्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां चाळून पाहाव्या. शाळेचा इतिहास केवळ निकालांच्या तक्त्यांत नसतो. एका सायंकाळीं सारे मिळून कशास हंसले, हाहि त्याचाच भाग होय.