भाजलेल्या रुग्णांच्या रक्तातील जंतूंचा शीघ्र शोध
त्वचा ही शरीराची तटबंदी होय. भाजल्याने ती ढासळली की स्यूडोमोनास, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जंतू जखमेतून रक्तात शिरू शकतात. अशा रुग्णास जंतुसंसर्ग नसतानाही ताप येतो. त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान करणे कठीण असते. प्रयोगशाळेत रक्तातील जंतू वाढवून ओळखण्यास साधारणतः १ ते ३ दिवस लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीत जंतूंच्या डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात व काही तासांतच जंतूंची ओळख पटू शकते. मात्र या चाचणीत मृत जंतूंचा डीएनएही आढळू शकतो. शिवाय कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे तिच्यावरून पूर्णपणे कळत नाही. म्हणून जंतू वाढवून पाहण्याची जुनी चाचणीही आवश्यकच ठरते. दोहोंची सांगड घातल्यास योग्य औषध लवकर सुरू करता येते. आणि अशा रुग्णाच्या बाबतीत प्रत्येक तास मोलाचा असतो.