बर्फावर जाताना कोणते भिंग न्यावे?



घुग्घुस हे कोळशाचे गाव. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी बर्फाची चर्चा कशाला, असे तुम्ही विचाराल. पण २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारी मनीषा धुर्वे आणि तिचे चार सोबती एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. तेव्हापासून बर्फ आपल्या मुलांना परका राहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा एक विद्यार्थी स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ, शिकायला औलीला निघाला. त्याचे मामा लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी कॅमेरा दिला आणि दोन भिंगे (लेन्स) पुढे ठेवली. एकाचे नाभीय अंतर ७० ते २०० मिलिमीटर, एफ-अंक २.८, वजन सुमारे दीड किलो. दुसऱ्याचे २४ ते १०५ मिलिमीटर, एफ-अंक ४, वजन पाऊण किलोच्या आसपास. "सर, मोठेच नेतो. महाग आहे, म्हणजे चांगलेच असणार!" तो म्हणाला. मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावले. तुम्हीही घ्या.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की भिंगाच्या छिद्राचा व्यास मिळतो. २०० ला २.८ ने भागा. ७१ मिलिमीटर येतात. एफ-अंक ४ असता तर ५० मिलिमीटर पुरले असते. व्यास एवढा वाढला की छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट होते आणि काच त्याहूनही अधिक लागते. हे ओझे कशासाठी? रात्रीच्या मांडवात किंवा ताडोबातल्या संध्याकाळी प्रकाश कमी असतो, त्यासाठी. ताजा बर्फ मात्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. स्वच्छ उन्हात संवेदनशीलता ४०० आणि एफ-अंक ५.६ ठेवला, तर शटर सेकंदाचा सुमारे ३००० वा भाग उघडे राहिले तरी पुरते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने घसरणारा माणूस तेवढ्या वेळात जेमतेम ३ मिलिमीटर सरकतो. बर्फावर प्रकाश फुकट मिळतो; त्यासाठी काच वाहून नेण्याची गरज नाही.

आता अंतर पाहू. वस्तूच्या उंचीला नाभीय अंतराने गुणून वस्तूच्या अंतराने भागले की प्रतिमेची उंची मिळते. २० मीटरवरचा १.७ मीटर उंचीचा मित्र १०५ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे ९ मिलिमीटर उंच दिसेल. कॅमेऱ्याची चौकट ३६ × २४ मिलिमीटर असते, तेव्हा एवढी प्रतिमा पुरेशी आहे. २४ मिलिमीटरवर ३ मीटर अंतरावरचे ३ मीटर उंचीचे दृश्य मावते. मित्र आणि मागचा डोंगर दोन्ही येतात. ताडोबात वाघाजवळ जाता येत नाही, म्हणून तेथे लांब भिंग लागते. उतारावर आपण आधी खाली जाऊन, कडेला सुरक्षित जागी थांबून मित्राची वाट पाहू शकतो.

तिसरी गोष्ट पडण्याची. नवशिका पडणारच! सेकंदाला १० मीटर हा वेग म्हणजे ५ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. छातीवर लटकलेले दीड किलोचे भिंग त्या वेगाने बरगड्यांवर आदळले तर काय होईल, याचा विचार करा. शिवाय बर्फ भुरभुरत असताना भिंग बदलणे म्हणजे कॅमेऱ्यात पाणी जाऊ देणे. म्हणून एकच भिंग घ्यावे आणि ते घरूनच लावून न्यावे.

एक चूक माझी स्वतःची. पूर्वी हिमाचलात मी थंडगार कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेला. पावसाळ्यात गार पाण्याच्या पेल्यावर जमते तसे भिंगावर दव जमले आणि सूर्यास्ताचा फोटो हुकला. आत जाण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा. मग दव पिशवीवर जमते.

२९ मे १९५३ रोजी हिलरी एव्हरेस्टवर एकच कॅमेरा घेऊन गेले, तोही थंडीपासून जपण्यासाठी सदऱ्याच्या आत ठेवून. तेनझिंगचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यातलेच.

माझ्या विद्यार्थ्याने लहान भिंग नेले. तो दिवसातून किती वेळा पडला ते त्यालाच आठवत नाही, पण बरगड्या आणि भिंग दोन्ही शाबूत परत आली.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पुठ्ठ्याला ३६ × २४ मिलिमीटरची खिडकी कापा. एक डोळा मिटून ती दुसऱ्या डोळ्यापासून मोजून १०५ मिलिमीटरवर धरा आणि शाळेच्या मैदानात २० मीटरवर उभ्या असलेल्या मित्राकडे पाहा. मग ५० मिलिमीटरवर धरा. खिडकीत जेवढे दिसेल तेवढेच त्या नाभीय अंतराचे भिंग तुम्हाला दाखवील. भिंग विकत किंवा उसने घेण्यापूर्वी हा पुठ्ठा जरूर वापरा.